चारशे बारा पास

“तिला काय कळतंय त्यातलं? मोजायला बसवलीय, मोजू दे.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. ते सर्जेरावांसाठी होतं, आणि बोलणारा माझा नवरा होता.

मी भिंतीच्या अलीकडे होते, ते दोघे पलीकडे. सेमीफायनलचं मध्यंतर चालू होतं. माझ्या हातात वही होती आणि एक बोट पानात अडकवलेलं होतं.

सर्जेराव म्हणाले, “असं नको म्हणूस. वहिनी बारीक बघत्यात.”

“बारीक मांजर पण बघतंय की.”

दोघं हसले. सर्जेराव जरा कमी हसले.

मी बोट पानातून काढलं. वही मिटली. प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून बायकांच्या बाजूला माझ्या जागेवर जाऊन बसले.

लग्नाला चार महिने झाले होते. नवऱ्यावर रागवायचं कसं हे अजून माझं ठरलं नव्हतं. म्हणून गप्प बसायचं ठरवलं. ते मला येत होतं.

---

माझा नवरा रणधीर. लिहिताना मी त्याला नावानं लिहिते. घरात ‘अहो’वर भागतं. तो पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच आहे.

कोल्हापुरात तालमीत नुसती कुस्ती नसते. तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि अख्ख्या पेठेचा जीव त्या संघात अडकलेला असतो. हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. सत्यनारायणाच्या पूजेला सासरे अर्ध्यातून उठून सराव बघायला गेले तेव्हा.

आमचा संघ पूर्वी सगळ्यांसारखा खेळायचा. गोलीनं चेंडू लांब मारायचा, पुढच्या दोघांनी पळायचं, पेठेनं ओरडायचं.

रणधीर पुण्याहून कोचिंगचा कोर्स करून आला आणि म्हणाला, चेंडू आपल्याकडे ठेवायचा. पास, पास, पास. आपल्या पायात चेंडू आहे तोवर समोरचा गोल करणार कसा?

खरं सांगायचं तर ते चाललं. अंगानं किरकोळ पोरं, जी धक्काबुक्कीत कधी टिकली नसती, ती मैदानाच्या मधोमध उभी राहून संघ खेळवायला लागली. समोरचे तासाभरात धापा टाकायचे. चेंडूवाल्यापेक्षा चेंडूमागं धावणारा जास्त दमतो. सहा सामन्यांत आम्ही एकही गोल खाल्ला नाही.

गोल आम्हीही फार केले नाहीत. पायऱ्यांवर जांभया वाढल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक मावशी एकदा म्हणाल्या, “स्वेटर विणायलेत का रं हे?”

मी इचलकरंजीची. माझे वडील कारखान्यात कापड तपासायचे, आणि लग्नाआधी दोन वर्षं मीही तेच काम केलं. कापड समोरून सरकत राहतं. नजर हलवायची नाही. तुटलेला धागा दिसला की खडूची खूण करायची.

हे ऐकून रणधीरनं मला वही दिली. आपले पास किती, त्यांचे किती. एवढंच.

मी पास मोजायचे. मोजता मोजता एक जादा खूण करायला लागले. आपल्याकडून चेंडू सुटला की त्या क्षणी मागं कुठली जागा मोकळी पडली आहे, तिथं एक ठिपका. कुणी सांगितलं नव्हतं. हाताची सवय.

सेमीफायनलच्या मध्यंतरापर्यंत सात ठिपके झाले होते. सातही एकाच जागी. उजवीकडे, सर्जेरावांच्या पाठीमागं.

सर्जेराव आमचे कॅप्टन. उजव्या बाजूचे बॅक. वय चौतीस. पास द्यायला पुढं नेहमी एक माणूस जादा हवा, म्हणून रणधीरनं त्यांना वर जायला सांगितलं होतं. ते वर गेले की त्यांच्या जागेवर कुणी थांबायचं, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. चेंडू आपलाच असणार होता ना.

हे दाखवायला मी वही घेऊन खाली गेले होते.

पुढचं वर लिहिलंच आहे.

---

सेमीफायनल आम्ही एक-शून्यानं जिंकली. समोरच्या संघाचे पुढचे दोघे जड होते. मोकळी जागा त्यांना दिसायची, पण तिथं पोचेपर्यंत ती बंद झालेली असायची.

फायनलला समोर पलीकडच्या पेठेचा संघ होता. त्यांचे पुढचे दोघे जड नव्हते.

आमच्यावर पहिला गोल सर्जेरावांच्या मागूनच झाला तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं ते लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं… “बघ.”

एवढंच. डोळ्याची पापणी लवेल इतका वेळ.

मग खाली सर्जेराव दिसले. गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून उभे. आपल्या मागं काय झालं ते त्यांनी अजून वळून बघितलंही नव्हतं.

दुसरा गोलही तिथूनच झाला.

मी दोन्ही ठिकाणी ठिपके दिले. व्यवस्थित, गोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या पेठेनं चौकात फ्लेक्स लावला. त्यांच्या संघाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: ‘चेंडू तुमचा, चषक आमचा.’ त्याखाली, जरा लहान अक्षरात, आमच्या तालमीला शुभेच्छा.

आमच्या पेठेनं तो वाचला आणि राग काढायला माणूस शोधला. तो हाताशीच होता.

“सर्जा म्हातारा झाला. वर जातोय, माघारी येईना.”

किराणा दुकानात हे ऐकलं. गिरणीत ऐकलं. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, भाजी निवडताना म्हणाल्या, “चांगला हाय गं पोरगा. पर पाय थकल्यात त्याचं.”

मी मेथी निवडत होते. देठ आणि पानं वेगळी करत राहिले.

---

चौथ्या दिवशी रणधीर पहाटेच उठला.

“वही घे. वस्तादांकडे जायचंय.”

“मी?”

“आकडे विचारले तर कोण सांगणार? संध्याकाळी तालमीच्या पंचांची बैठक आहे. परत लांब मारायचा खेळ सुरू करा म्हणतायत सगळे. वस्ताद म्हणतील तेच होणार. त्यांना एकदा आकडे दाखवले की झालं.”

हिंदूराव वस्ताद तालमीचे प्रमुख. वय पंचाहत्तर. एके काळी ते कुस्तीही खेळले आणि गोलपोस्टमध्येही उभे राहिले. आता तीन म्हशी पाळतात. सकाळी त्यांच्या गोठ्यापुढच्या कट्ट्यावर माणसं पेले घेऊन उभी असतात. वस्ताद धार काढतात, दूध तिथंच गाळून पेल्यात ओततात, आणि माणसं ते उभ्यानं, कोमटच पितात. मला माहेरी हा प्रकार माहीत नव्हता. पहिल्यांदा प्यायले तेव्हा ओठांवर फेसाची मिशी आली, आणि आत्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा हसून बघितलं.

आम्ही पोचलो तेव्हा कट्ट्यावर चार-पाच जण होते. त्यात सर्जेराव होते. हातात पितळी पेला. रणधीरला बघून त्यांनी मान हलवली. रणधीरनंही हलवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं असं म्हणता येणार नाही.

मी डोक्यावर पदर घेतला आणि खांबाशी उभी राहिले. वही छातीशी धरली.

“वस्ताद, जरा बोलायचं होतं.”

“बोल की. कान रिकामंच हायती.”

वस्ताद पुढच्या म्हशीसमोर पेंडीची पाटी सरकवत होते. तिचं नाव लाडी.

“फायनलचे आकडे आणलेत.”

“कशाचं आकडं?”

“पासचे. आपले चारशे बारा. त्यांचे सत्त्याण्णव. सामन्यातला बहुतेक वेळ चेंडू आपल्या पायात होता.”

“आणि चषक?”

कट्ट्यावर कुणीतरी खोकलं.

“तो… त्यांच्याकडं गेला. पण वस्ताद, दोन किका बसल्या त्यांच्या, दोन. नशिबाचा भाग आहे. खेळ आपलाच होता.”

“बरं.”

“म्हणजे पद्धत चुकीची नाही.”

“बरं.”

रणधीरला ‘बरं’ कळेना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “दाखव गं ते पान.”

मी पान उघडलं. वस्तादांनी बघितलं नाही. त्यांनी लाडीच्या रेडकाचं दावं सोडलं.

रेडकू धावत आईच्या कासेला गेलं. ढुशी मारली, दुसरी मारली, आणि चुरूचुरू प्यायला लागलं. लाडीनं पाटीतून तोंड वर काढलं. डोळे अर्धे मिटले. सड टरारून आले.

वस्तादांनी रेडकाला मागं ओढून तिच्या तोंडापुढं बांधलं. ती त्याला चाटायला लागली. वस्ताद उकिडवे बसले, चरवी गुडघ्यांत धरली, सडांना पाण्याचा हात लावला.

आणि नुसता हात फिरवत बसले.

“बोल, तुझं काय चाललंय ते.”

रणधीर बोलू लागला. समोरचा कसा दमतो. चेंडू आपला असला की घाई कशी होत नाही. लहान चणीची पोरं कशी उभी राहिली. सगळं खरं होतं. तो चांगलं बोलतो. लग्न ठरवायला आला तेव्हा माझ्या वडिलांनाही त्यानं हेच समजावलं होतं, चहा-साखरेचे डबे टेबलावर खेळाडूंसारखे मांडून.

वस्ताद हात फिरवत होते. एका सडावरून दुसऱ्या. दुसऱ्यावरून तिसऱ्या. परत पहिल्या. हळू, सारखं.

चरवी कोरडी होती.

कट्ट्यावरच्या एकानं पेला या हातातून त्या हातात घेतला.

रणधीरचं बोलणं मंदावलं.

“वस्ताद… पान्हा आलाय तिला.”

“दिसतोय.”

“मग काढा की.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे?”

“म्हस माझी. दावं माझं. सड माझ्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातात हायती का?”

“तसं नाही, पण…”

“मग घाई कसली?”

हात फिरत राहिला.

लाडीनं शेपूट झटकली. एक पाय उचलून जरा पुढं ठेवला. मग तिनं रेडकाला चाटायचं थांबवलं आणि पाटीत तोंड घातलं.

मला म्हशींतलं काही कळत नाही. पण सरकत्या कापडात धागा तुटतो तो क्षण मला कळतो. तसं काहीतरी झालं. सड हळूच सैल पडले.

वस्तादांनी आता धार ओढून बघितली. दोन थेंब आले. चरवीच्या तळाला टक् टक् वाजले.

“चोरलं,” वस्ताद म्हणाले. “वर वढलं दूध तिनं.”

त्यांनी चरवी उपडी ठेवली.

“आज लाडीचं न्हाई, मंडळी.”

“आता वो वस्ताद,” कट्ट्यावरचा एक म्हणाला. “अर्धा तास उभा हाय मी.”

“म्या बी तिच्याजवळच हुतो की.”

हसू आलं कुणाला तरी, पण ते मिटलं. रणधीर चरवीकडे बघत होता. त्याचा कान हळूहळू लाल झाला. चार महिन्यांत मी एक शिकले होते: त्याला लाज वाटली की आधी कान कळवतो.

“त्यांचे लोक आमच्या पासांमागं धावून जागा सोडायचे,” तो हळू म्हणाला. “तीनदा-चारदा तर समोर अख्खं मैदान मोकळं होतं. आणि आम्ही… परत मागं पास दिला.”

वस्ताद हात धुवत होते.

“पास जागा उघडायला असतात. जागा उघडली तरी आम्ही पासच देत बसलो.”

हात धुऊन झाले.

“मग सगळे म्हणतात तेच बरोबर,” रणधीर म्हणाला. आवाज एकदम कोरडा. “माझी पद्धतच खोटी. संध्याकाळी पंचांना सांगून टाकतो. परत लांब मारायचं. आला चेंडू की हाण पुढं.”

मी त्याच्याकडे बघितलं. वर्षभर ज्यासाठी तो घरच्यांशी भांडला होता, ते त्यानं एका वाक्यात टाकून दिलं. गर्विष्ठ माणसाला बहुधा तेच सोपं जात असावं.

वस्तादांनी चरवी सुलटी केली आणि त्याच्या हातात दिली.

“ती मधली. काळी. बस तिच्याखाली.”

“मी?”

“व्हय. रेडकू सोडू नगंस. हात फिरवू नगंस. बस आणि वढ. हाण पुढं.”

“वस्ताद, ती लाथ मारेल.”

“तुला कसं कळलं?”

“न पान्हवता धार कशी देईल ती?”

“बस तर खरं.”

रणधीर बसला. पँटच्या घड्या सांभाळत. त्यानं सडाला हात घातला आणि ओढला.

लाथ मोठी नव्हती. म्हशीनं जणू माशी झटकली. चरवी घरंगळत माझ्या पायापाशी आली. रणधीर मागच्या मागं शेणात बसला.

कट्टा हसला. सर्जेरावही हसले, आणि पेला खाली ठेवून पहिले तेच पुढं झाले. हात देऊन त्यांनी रणधीरला उठवलं. त्याच्या पाठीवरचं शेण स्वतःच्या हातानं निपटलं.

कुणाच्या हातानं, ते मी बघत होते.

वस्ताद म्हणाले, “आता कंचं खोटं?”

रणधीर उभा राहिला. शेणाचा हात पँटला पुसला.

“दोन्ही नाही.”

“हं.”

“आधी पान्हवायचं. मग… वेळेवर काढायचं.”

“हे म्हशीचं झालं,” वस्ताद म्हणाले. “त्यात माझा जलम गेलाय, म्हून मला कळतंय. तुझ्या मैदानाचं तुझ्याकडं कुणाला कळतंय?”

रणधीरनं ते स्वतःवरच घेतलं. त्याला वाटलं, मैदान कळणारा तोच.

“गोल करायचं कळलं,” तो म्हणाला. “पण खाल्ले ते? चेंडू सुटला की दोन पासांत आमच्या गोलपाशी. दोन्ही वेळा उजवीकडून.”

त्यानं सर्जेरावांकडे बघितलं. मघाशी बघितलं नव्हतं, ते आता बघितलं.

“सर्जा, वाईट वाटून घेऊ नकोस.”

“बोल.”

“वर गेलास की तुझं माघारी येणं होत नाही आता. पुढच्या स्पर्धेला… तुला बाहेर बसवावं म्हणतोय. पंचांपुढं तसंच सांगणार आहे. दुसरा तरणा पोरगा घेऊ.”

सर्जेरावांनी पेला उचलला. रिकामाच होता. त्यात बघितलं.

“वय झालंच की,” ते म्हणाले. “मला बी वाटायला लागलंय. फायनलला दोन्ही बारीला पाठ माझीच हुती. मला मागं काय चाललंय तेच दिसंना. रातभर तेच बघतोय मी. पळालो असतो जरा तर…”

“तेच.”

“बसव. तालमीचं बरं हुईत असलं तर बसव. कॅप्टनची पट्टी तेवढी माझ्या हातानं देतो पोराला.”

एवढं बोलून ते हसले. त्या दिवशी भिंतीपलीकडे हसले होते तसं. जरा कमी.

गोठ्यात रेडकू परत लाडीच्या कासेला लागलं होतं. तिनं लपवलेलं दूध त्याला मिळालं असावं. शेपूट हलत होती त्याची.

माझ्या पायाशी चरवी पडली होती. ती उचलावी असं वाटलं, पण हात मोकळे नव्हते.

वस्तादांनी ती स्वतः वाकून उचलली. उठताना त्यांची नजर माझ्या हातांवर थांबली. मीही खाली बघितलं. दोन्ही हात वहीभोवती, बोटांची पेरं पांढरी. पुठ्ठा मधे वाकला होता.

“सूनबाई,” वस्ताद म्हणाले, “कागदच हाय न्हवं त्यात?”

“…हो.”

“मग एवढी घट्ट का धरलीयास?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. रणधीरही. त्याला वाटलं असावं की मी पासांचा आकडा सांगणार.

कापड तपासायच्या खात्यात मला पहिल्या दिवशी वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती. धागा तोडणारा कोण, ते आपण बघायचं नाही. पण तुटलेला धागा दिसला आणि खूण न करता पुढं जाऊ दिला, तर पुढचं सगळं कापड आपल्या नावावर.

मी खूण केली होती. अठरा खुणा केल्या होत्या. मिटलेल्या वहीत.

मी पदर जरा मागं सारला, कारण तोंडावर येत होता. वही उघडली आणि सर्जेरावांपुढं धरली. नवऱ्यापुढं नाही, आधी त्यांच्यापुढं. मग बोलले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. चार महिन्यांत इतक्या माणसांसमोर तो पहिल्यांदाच बाहेर आला होता.

“भाऊजी, हे ठिपके बघा. चेंडू सुटला तेव्हा तुमच्या मागची जागा मोकळी होती, ते आहेत हे. सेमीफायनलला मध्यंतरापर्यंत सात, फायनलला अकरा. तुम्ही वर गेलात ते यांनी सांगितलं म्हणून गेलात. तुमच्या जागी थांबायला कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिथं वीस वर्षांचा पोरगा असता तरी हेच झालं असतं. मध्यंतरात मी हेच दाखवायला खाली आले होते. भिंतीच्या अलीकडे होते. अहो, तुम्ही म्हणालात, तिला काय कळतंय, मोजायला बसवलीय, मोजू दे. मी परत वर गेले… आणि मोजत बसले.”